दातांची गाडी आमच्या गावात दोनदा आली त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, हा घोडबंदर रोडवरच्या कुठल्या चकाचक क्लिनिकचा रिव्ह्यू नाही. ही एक बस आहे. आत दोन डेंटल खुर्च्या बसवलेल्या, मागे जनरेटर, बाहेर दात दाखवणाऱ्या पोराचं हे मोठं चित्र. नवी मुंबईतल्या एका डेंटल कॉलेजची गाडी, आणि ती शहापूर तालुक्यात डोळखांबच्या पुढे माझ्या माहेरच्या गावात यंदा जानेवारीत एकदा आणि फेब्रुवारीत एकदा अशी दोनदा आली. कॉलेजचं नाव टाकत नाही, कारण खाली थोडी कुरकुरही आहे आणि त्या पोरापोरींनी मेहनत केलीय ती मला खोडायची नाही. गावाचंही नाव नको, दोनशे उंबऱ्यांचं गाव आहे, नाव टाकलं तर काकीला उद्याच कळेल मी तिच्या दाढेवर निबंध लिहिलाय.

मी राहते कळव्याला, नौपाड्यात एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. म्हणजे सुया, ग्लोव्हज, ऑटोक्लेव्ह (वाफेने हत्यारं निर्जंतुक करायचं मशीन) हे माझं रोजचं, त्यामुळे कॅम्प म्हटलं की माझी नजर आधी तिथेच जाते. फुकट आहे म्हणून काहीही चालवून घ्यायचं हे मला पटत नाही. उलट फुकट कॅम्पमध्येच जास्त बघावं लागतं.

आता आमच्याकडे दात दुखला तर काय करतात ते आधी ऐका म्हणजे गाडीचं महत्त्व कळेल. पहिले दोन महिने काहीच करत नाहीत. मग लवंग. मग दुकानातून दहा रुपयाची पेनकिलर. मग गाल सुजला की शहापूर. एसटीने तास जातो, आता बायकांना अर्धं तिकीट आहे (२०२३ पासून) आणि ७५ च्या वरच्यांना फुकट, ते एक बरं झालं, पण तिकिटापेक्षा रोज बुडतो तो महाग. शहापूरला दात काढून मिळतो, पण रूट कॅनाल, कॅप वगैरे म्हटलं की आसनगावहून लोकल पकडून कल्याण नाहीतर ठाणे, आणि तेही तीन-चार वेळा यायचं. माझी स्वतःची एक दाढ मागच्या वर्षी केली ठाण्यात, रूट कॅनाल आणि कॅप धरून साडेनऊ हजार गेले, चार चकरा झाल्या, मी तर रिक्षाने दहा मिनिटांत पोचत होते. काकीने हेच करायचं ठरवलं असतं तर चार दिवसांची मजुरी, चार वेळा एसटी, चार वेळा लोकल आणि वरून साडेनऊ हजार. म्हणून आमच्याकडे दात वाचवत नाहीत, काढतात. काढायला एकच चक्कर लागते ना.

तर पहिली फेरी. जानेवारीतला शनिवार होता, मी मुद्दाम सुट्टी टाकून आदल्या रात्री गेले होते कारण काकीची खालची दाढ दिवाळीपासून ठणकत होती आणि ती एकटी गाडीत चढणार नाही हे मला माहीत होतं. गाडी नऊला येणार म्हणाले, सव्वादहाला आली. ठीक आहे, नेरुळ-खारघरच्या बाजूने निघून ठाणे, भिवंडी बायपास, नाशिक हायवे आणि मग आमचा रस्ता, मी स्वतःच कधी वेळेवर पोचलेली नाही. शाळेच्या पटांगणात लावली. मग कळलं की गाडीला पाणी लागतं, ड्रिलला पाणी, चूळ भरायला पाणी, टाकी अर्धीच भरून आणलेली. ड्रायव्हरदादा विचारतात पाणी कुठे मिळेल. तानसा आमच्या तालुक्यात, भातसा आमच्या तालुक्यात, अख्खी मुंबई आमचं पाणी पिते (तानसा तर १८९२ पासून) आणि आम्ही हंडे घेऊन विहिरीवरून गाडीची टाकी भरतोय, सगळ्या बायका हसत होत्या. बरं तो जानेवारी होता. एप्रिलमध्ये आली असती तर टँकरची वाट बघा म्हणावं लागलं असतं.

नोंदणी चांगली होती. दहा रुपये केस पेपर, बाकी दात काढणं, सिमेंट भरणं, साफ करणं सगळं फुकट. टोकन दिले, म्हणजे ढकलाढकली नाही. आणि सगळ्यात आधी प्रत्येक मोठ्या माणसाचं बीपी आणि बोट टोचून शुगर. रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का, हार्टचं काही आहे का, बायांना दिवस आहेत का, हे सगळं विचारत होते, नुसतं उरकून टाकत नव्हते. मला इथेच बरं वाटलं.

आणि इथेच आमची गाडी अडली. काकीचं बीपी १९२/११२.

परत घेतलं, बसवून ठेवून वीस मिनिटांनी परत, १८८. बरोबरचे सर म्हणाले आज दाढ काढता येणार नाही, एवढ्या बीपीवर काढली तर रक्त थांबायला त्रास होईल आणि दुसरंही काही होऊ शकतं, आधी आरोग्य केंद्रात दाखवा, गोळी चालू करा, आम्ही तीन आठवड्यांनी येऊ तेव्हा काढू. दुखायची आणि सूज उतरायची गोळी दिली. काकी जी भडकली. दिवाळीपासून थांबलेय, तीन महिने मी दाढ सांभाळली आणि हे म्हणतात बीपी. मला काय बीपी नाय, या पोरीने पट्टा घट्ट बांधला म्हणून वर गेलं असेल. आजूबाजूचे पण म्हणायला लागले की एवढी गाडी घेऊन आले आणि एक दाढ काढत नाहीत, मग आले कशाला. खरं सांगू, त्या क्षणी मलाही वाटलं की हे परत कसले येतायत. गावात आजवर किती कॅम्प झाले, डोळ्यांचे, हाडांचे, फोटो काढून गेले ते गेले. पाटीवर कोणाचा तरी वाढदिवस असतो, पुढच्या वर्षी तोच वाढदिवस दुसऱ्या गावात.

बाकीचं काम मात्र मी दिवसभर बसून बघितलं. हत्यारं पाकिटात सीलबंद, प्रत्येकाच्या समोर पाकीट फोडत होते, पाकिटावरची पट्टी रंग बदललेली आहे की नाही (म्हणजे पाकीट ऑटोक्लेव्हमधून गेलंय की नाही) ते मी दोन-तीनदा वाकून बघितलं, बदललेली होती. सुई वापरली की लगेच कटरमध्ये. पिवळी पिशवी, लाल पिशवी वेगळी, संध्याकाळी बांधून बरोबर घेऊन गेले, शाळेच्या मागे टाकून दिलं नाही. आमच्या लॅबमध्ये नव्या पोरांना हे शिकवायला मला महिना लागतो. इथे पूर्ण मार्क.

भाषेचं मात्र काहीतरी करा राव. इंटर्न पोरी गोड होत्या पण निम्म्या बाहेरच्या राज्यातल्या, हिंदी नाहीतर इंग्रजी. शेजारच्या आजीला इंजेक्शन दिलं आणि पाच मिनिटांनी विचारलं, आजी, सुन्न हुआ क्या? आजी म्हणाली, सून कवाच आली, नातू चौथीला हाय. पूर्ण गाडी हसली. ती पोरगी बिचारी गोंधळून परत विचारतेय, हुआ क्या, आणि आजी नातवाचं नाव सांगतेय. मग मी मधे पडून सांगितलं की बधिर झालं का असं विचारा, त्यानंतर दिवसभर ती सगळ्यांना बधिर बधिर विचारत होती. हसण्यावारी गेलं ठीक आहे, पण दात काढल्यावर कापूस अर्धा-पाऊण तास दाबून ठेवायचा, दिवसभर थुंकायचं नाही, चूळ जोरात भरायची नाही, नाहीतर गुठळी निघून परत रक्त येतं, हे सगळं हिंदीत सांगून कागद दिला तो इंग्रजीत. कागद मराठीत छापायला किती खर्च येतो? आमच्याकडे रक्त दिसलं की माणूस थुंकतच बसतो. एकाला संध्याकाळी सात वाजता परत रक्त आलं, मी नशिबाने तिथेच होते, स्वच्छ कपड्याची घडी करून त्याला चावून धरायला लावली आणि तेव्हा थांबलं.

दुसरी तक्रार माझ्या भाच्याची. साडेसहा वर्षांचा आहे. पुढचे वरचे दोन दुधाचे दात किडलेले, मागच्या दोन दाढा किडलेल्या, कारण रोज सकाळी चहा आणि पाच रुपयाचं क्रीम बिस्कीट. शाळेत बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते (२०१३ ला सुरू झाला तो, मुलांच्या तपासणीच्या यादीत दातही आहेत), त्यांनी त्याच्या कार्डावर लिहून दिलं होतं दात दाखवा म्हणून. आम्हीच नेलं नाही, दुधाचे आहेत, पडणारच आहेत म्हणून. गाडीतल्या मॅडमने वहिनीला हात धरून आत बोलवून दाखवलं की हे बघा, ही सगळ्यात मागची दाढ आहे ना, ही दुधाची नाही. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पक्की दाढ येते, कुठला दात न पडता येते म्हणून लोकांना कळत नाही, दुधाचीच समजून सोडून देतात, आणि ही गेली की परत येत नाही, साठाव्या वर्षापर्यंत हीच वापरायची आहे. मी एवढी वर्षं लॅबमध्ये काम करते, मला हे माहीत नव्हतं! त्या दाढेला बारीक काळा ठिपका होता, तिथे लगेच सिमेंट भरलं.

आणि कसं भरलं ते बघण्यासारखं होतं. गाडीत दोनच खुर्च्या, त्या मोठ्यांनी अडलेल्या, म्हणून पोरांना शाळेच्या व्हरांड्यात, एक घडीची खुर्ची, डोक्याला बॅटरी बांधलेली. ड्रिल नाही, मशीन नाही. छोट्या चमच्यासारख्या हत्याराने मऊ झालेली कीड खरवडून काढली आणि सिमेंट दाबून भरलं, इंजेक्शन नाही, घर्रर्र आवाज नाही, पोरगा रडला पण नाही. सर म्हणाले ही पद्धत १९८० च्या दशकात आफ्रिकेत टांझानियात निघाली, जिथे वीज नव्हती तिथे दात वाचवायला, आणि त्या सिमेंटमधून हळूहळू फ्लोराइड सुटतं म्हणून बाजूचा दातही थोडा सांभाळला जातो. मला वाटायचं गाडी म्हणजे आतली मशिनरी. पण त्या दिवशी पोरांचं अर्धं काम बसच्या बाहेर झालं, एका सुटकेसमध्ये मावेल एवढ्या सामानात.

तर तक्रार काय, तर पुढच्या दोन दातांना त्यांनी एक औषध लावलं, सिल्व्हरचं काहीतरी, कीड तिथल्या तिथे थांबते. औषध चांगलंय, मी नंतर वाचलं, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड म्हणतात, ३८ टक्क्यांचं असतं, ड्रिल न करता कीड थांबवायला वापरतात. पण त्याने किडलेला भाग काळा कुळकुळीत होतो आणि तसाच राहतो. हे वहिनीला आधी सांगितलं नाही!! दुसऱ्या दिवशी सकाळी पोराने तोंड उघडलं आणि वहिनीने किंचाळून मला फोन केला, ताई याचे दात जाळले का काय त्यांनी. शाळेत त्याला दोन दिवस काळ्या म्हणाले. आता ते दात वर्षभरात पडणार आहेत, दुखणं थांबलंय, वहिनी आता शांत आहे, पण आधी एक वाक्य बोलला असतात तर? पुढच्या दातांना हे लावतोय, काळं दिसेल, चालेल का, एवढंच. फुकट उपचार आहे म्हणून विचारायचं नाही असं नसतं. यासाठी माझा अर्धा स्टार गेला.

तिसरी तक्रार पायरी. बसची पहिली पायरी जमिनीपासून माझ्या गुडघ्याच्या वर. साठी-सत्तरीच्या बाया, गुडघे गेलेले, नऊवारी नेसलेल्या, त्यांना दोघींनी वरून ओढायचं आणि एकाने खालून... एक आजी तर म्हणाली, नको बाय दात, ऱ्हाऊ दे. ज्यांच्यासाठी गाडी आहे त्यांनाच चढता येत नाही. तेवढा एक स्टूल ठेवा.

आता तोंड तपासायचं सांगते, कारण माझ्या मते त्या दिवशीचं सगळ्यात महत्त्वाचं काम तेच होतं आणि त्याला रांग नव्हती. आमच्याकडे बायका मशेरी लावतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, आणि बोटाने दातांना घासायची, घासून झालं तरी अर्धा तास तोंडात तशीच धरून बसायचं. दात दुखतो म्हणून सुरू करतात, बधिर होतं, बरं वाटतं, मग मशेरीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही, डोकं दुखतं, आणि मग दिवसातून चार वेळा. काकी लग्न होऊन आली तेव्हापासून लावते. तिच्या हिरड्या खाली सरकून मुळं उघडी पडलीत आणि ती सगळ्यांना सांगते मशेरीने दात घट्ट राहतात. पुरुषांचं वेगळं, गुटख्याला आपल्याकडे २०१२ पासून बंदी आहे पण सुपारीची एक पुडी आणि तंबाखूची एक पुडी असं वेगवेगळं घेतलं की झालं.

गाडीच्या बाहेर एक डॉक्टर टेबल टाकून बसले होते, येईल त्याला म्हणायचे तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. आडवी नाही, उभी, एकावर एक. तीन गेली तर ठीक. पोरं खेळ म्हणून करायला लागली. आमच्या घराच्या मागे राहणारा एक पोरगा, चोवीस-पंचवीसचा, ट्रॅक्टर चालवतो, त्याची दोनच गेली. हसत होता, म्हणे माझं तोंडच लहान आहे. त्यांनी बाजूला घेऊन दहा मिनिटं बोलून सांगितलं की सुपारीमुळे गालाची आतली कातडी घट्ट दोरीसारखी होत जाते, तोंड उघडायचं कमी होतं, तिखट लागलं की आग होते, आणि हे पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतं. पुडी आज थांबवली तर आहे तिथे थांबायची आशा, पण गेलेलं सहसा परत येत नाही. त्याने विचारलं तिखट लागतं हे तुम्हाला कोणी सांगितलं. दोन वर्षांपासून आईला ओरडत होता भाजीत मिरची कमी घाल म्हणून. त्याला कॉलेजला यायची चिठ्ठी दिली, आणि आणखी एका म्हाताऱ्या बाबांच्या गालात पांढरा चट्टा होता त्यांना खारघरला टाटाचं कॅन्सर सेंटर अ‍ॅक्ट्रेक आहे तिथे दाखवा म्हणून लिहून दिलं. दोघांपैकी पोरगा गेला. बाबा अजून गेले नाहीत, आम्ही मागे लागलोय. चिठ्ठी देऊन भागत नाही हे त्या कॉलेजने पण लक्षात घ्यावं. डोळखांबहून खारघर म्हणजे एसटी, आसनगाव लोकल, ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बर, तिथून रिक्षा. सत्तरीतला माणूस, आयुष्यात ठाणे दोनदा बघितलेला. गाडी संध्याकाळी रिकामी परत जाते ना? त्यात दोन माणसं बसवून न्या. मी सरांना बोलले हे, ते म्हणाले परवानगी, विमा वगैरे प्रश्न असतात. असतील. माझं सांगणं तरी तेच आहे.

दात साफ करायला मात्र कोणी तयार नव्हतं. गावात पक्की समजूत, साफ केले की दात हलतात, फटी पडतात. मॅडमने आरसा देऊन समजावलं की फट आधीपासून होती, त्यात दगडासारखा थर बसला होता, तो काढला म्हणून फट दिसते. आणि दुसरी समजूत वरची दाढ काढली की डोळे जातात. याचं उत्तर आमच्या माजी सरपंचांनीच दिलं, म्हणाले माझ्या वरच्या सगळ्या काढल्या, तुझ्या पोराने काल कोणाच्या शेतातून हरभरा उपटला ते मला लांबून दिसलं. त्यानंतर दोघं-तिघं गाडीत चढले.

दुसऱ्या फेरीचं खरं लिहायचं होतं आणि मी पहिल्यातच एवढं लांबवलं.

तीन आठवड्यांनी येणार म्हणाले होते, चौथ्या आठवड्यात आले. निरोप व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आदल्या दिवशी दुपारी टाकला. आमच्याकडे नेटवर्क मिळतं ते मारुतीच्या देवळामागच्या टेकडीवर, तिथे कोण दुपारी जाऊन बसतंय. आशाताईंनी पायी फिरून सगळ्या पाड्यांवर सांगितलं म्हणून लोक आले. त्या बाईंचा फोटो गाडीवर लावा, त्या चित्रातल्या पोराच्या जागी.

मधल्या काळात काय झालं, तर आशाताईंनीच काकीला ओढत आरोग्य केंद्रात नेलं, तिथे तीनदा बीपी बघून गोळी चालू केली. काकीला किती वर्षांपासून बीपी होतं देव जाणे, कधी कोणी पट्टा बांधलाच नव्हता. तिच्या बहिणीला अर्धांगवायू झाला होता पन्नाशीत. आम्ही दाढेसाठी भांडत होतो. दुसऱ्या फेरीला बीपी १४२/८८. पोरीने केस पेपर काढला, जुनाच, त्यावर मागचं सगळं लिहिलेलं, आणि तीच इंटर्न होती, बधिरवाली. म्हणाली आजी, गोळी घेतली ना सकाळी? चक्क मराठीत. पंधरा मिनिटांत दाढ बाहेर. काकीने ती दाढ कागदात बांधून घरी आणली, सगळ्यांना दाखवली, मग परसात पुरली.

पण त्या दिवशी दुपारी जनरेटर बंद पडला. शाळेच्या लाइनवर गाडी चालवून बघितली तर फ्यूज उडाला. ऑटोक्लेव्ह चालेना म्हटल्यावर आधी आणलेली सीलबंद पाकिटं संपली की पुढे दात काढायचे बंद. चौदा जणांचे काढून झाले आणि थांबले. बाहेर अजून वीसेक माणसं. मोठा गोंधळ झाला, एक जण म्हणाला गरम पाण्यात उकळून घ्या आणि काढा, आम्हाला काय होत नाही. सरांनी हात जोडले, म्हणाले उकळून सगळं मरत नाही, एकाची कावीळ दुसऱ्याला द्यायला मी इथे आलेलो नाही, शिव्या द्या पण काढणार नाही. लोकांनी शिव्या दिल्या. पहिल्यापासून रांगेत होते ते जास्तच चिडले, आणि त्यांचं चूक नव्हतं, जनरेटर तपासून आणणं तुमचं काम. पण लॅबमधली माणूस म्हणून सांगते, एवढ्या गर्दीसमोर नाही म्हणायला हिंमत लागते. मी असे कॅम्प बघितलेत जिथे नुसतं स्पिरिटने पुसून पुढच्याच्या तोंडात. जनरेटरसाठी अर्धा स्टार कापला. त्या नाही म्हणण्यासाठी परत द्यावा की काय असं दोन दिवस चाललंय डोक्यात. उरलेल्या वीस जणांना जुने टोकन नंबर पुढच्या वेळी चालतील असं लिहून दिलं.

काय होत नाही ते पण सांगते म्हणजे कोणी आशेने जाऊ नका. रूट कॅनाल नाही, कॅप नाही, कवळी नाही. एक्स-रे आहे, छोटा, कॉम्प्युटरवर दिसणारा, पण पहिल्या फेरीला चालला आणि दुसऱ्या फेरीला जनरेटरमुळे नाही. काकीला आता कवळी हवीय, एक दाढ काढून घेतल्यावर तिला अचानक सगळ्याच तोंडाची काळजी लागलीय, त्यासाठी कॉलेजलाच चार-पाच चकरा. कवळीची मापं घेणारी एक फेरी गावात ठेवली तर निम्मं गाव चपाती चावून खाईल, आता बुडवून खातात.

आणि एक गोष्ट, जी गाडीवाल्यांना कोणी सांगितलेली दिसत नाही. आमच्या गावाला लागून कातकरी वाडी आहे, पस्तीस-चाळीस घरं. जानेवारीत गाडी तिथेही जाऊन आली. घरात कोण? तीन म्हाताऱ्या आणि कोंबड्या. कातकरी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, भिवंडी, पडघा, कल्याणच्या बाजूला, बायकापोरं सगळी, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. आणि पावसात गाडी येत नाही, रस्ता चिखल, लोक लावणीला. म्हणजे ज्यांच्या पोरांना गाडीची सगळ्यात जास्त गरज आहे (कातकरी आपल्या राज्यातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक आहेत) त्यांची आणि गाडीची कधी गाठच पडणार नाही. माझं मत असं की नोव्हेंबर ते मे गाडी भट्टीवर न्या. कॉलेजपासून ते जवळही आहे, आमच्याएवढं लांब यायलाही नको. मालक दुपारी एक तास सोडणार नाही म्हणेल, संध्याकाळी जा. आश्रमशाळेत पोरं राहायलाच असतात, तिथे एका दिवसात तीनशे तोंडं बघून होतील. मला कल्पना आहे की दवाखाना लोकांकडे न्यायचा हे आपल्याकडे नवीन नाही, रेल्वेची ती जीवनरेखा एक्सप्रेस १९९१ पासून ऑपरेशन थिएटर घेऊन देशभर फिरते, तिथे दातांचंही करतात. पण ती स्टेशनात उभी राहते. भट्टी काही स्टेशनाला लागून नसते.

कोणाला आपल्या गावात अशी गाडी बोलवायची असेल तर: ठाणे-नवी मुंबईकडच्या डेंटल कॉलेजांना ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर पत्र द्या, बऱ्याच कॉलेजांचा सामुदायिक दंत आरोग्याचा विभाग असतो, तिथेच द्या, प्राचार्यांच्या नावाने दिलं तर फिरत राहतं. पंधरा अँपियरचा एक तरी चांगला पॉइंट, दोनशे लिटरचा पाण्याचा ड्रम, सावली आणि बायकांसाठी संडास एवढं बघून ठेवा. आणि पत्रातच लिहा की दोन तारखा द्या. एक तारीख देणाऱ्याला बोलवू नका. पहिल्या तारखेला आमच्याकडे काकीची दाढ निघाली नाही, मागच्या घरच्या पोराला कळलं, भाच्याच्या दाढेत सिमेंट बसलं, पण सगळ्याचा हिशोब दुसऱ्या तारखेला लागला.

स्टार पाचपैकी चार धरा.

काकीची मशेरी सुटलेली नाही. दुसऱ्या फेरीला मॅडम घरापर्यंत चहाला आल्या तेव्हा डबी पटकन पदराखाली गेली, मॅडमला दिसली, मॅडम काही बोलल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या, आजी पुढच्या वेळी मी आले की डबी मलाच द्या. आता काकी आशाताईंना विचारते गाडी कधी येणार, आणि का विचारतेस म्हटलं की सांगत नाही. पावसाळ्यानंतरची तारीख कळली की इथेच टाकते. पायरीसाठी लाकडी स्टूल गावातल्या सुताराने बनवून शाळेत ठेवलाय, रुंद आहे, दोन पाय नीट मावतात.